मशीन लावण्याआधीचा अर्धा तास

 

गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांमध्ये एक तक्रार वेगवेगळ्या तोंडांतून ऐकली. "तालुक्याला गेले, गाडीभाडं गेलं, एक खाडा पडला. आणि त्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी केलं काय? नुसते प्रश्न विचारले. पाय उचला म्हणाल्या, खुर्चीवरनं उठा-बसा म्हणाल्या. मशीन काय लावलंच नाही!" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी निम्म्याजणी दुसऱ्यांदा गेल्याच नाहीत. कंबर तशीच, गुडघा तसाच, आणि दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी चालूच.

म्हणून आज त्या प्रश्न विचारण्याबद्दल आणि पाय उचलायला लावण्याबद्दल बोलायचं. त्याला तपासणी म्हणतात, आणि पहिल्या भेटीतला सगळ्यात मोलाचा भाग तोच असतो.

आपण गटात कर्ज कसं देतो? बाई आली, वीस हजार मागितले, दिले, असं करतो का? कशासाठी पाहिजे, शेळी घेणार तर चारा कुठून आणणार, आधीचं किती फेडायचं राहिलंय, घरात आजारपण आहे का, हे सगळं विचारतो. मग ठरवतो. फिजिओथेरपिस्टचंही तसंच आहे. दोन बाया येतात, दोघीही "कंबर दुखते" म्हणतात. एकीची पाठ वाकून खुरपण्यानं आखडलेली असते, दुसरीच्या मणक्याजवळ शीर दाबली गेलेली असते. दोघींना एकच व्यायाम दिला तर एक बरी होईल आणि दुसरीचं दुखणं वाढेल. न विचारता, न तपासता थेट शेक आणि करंट लावणारा भेटला तर मला उलट त्याचीच शंका येते.

हे लोक कोण, तेही थोडक्यात सांगते. बारावीनंतर काही वर्षांचं शिक्षण घेऊन बीपीटी ही पदवी मिळते, आणि महाराष्ट्रात त्यांच्या नोंदणीसाठी वेगळी परिषद आहे. आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात पन्नासच्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली. पोलिओनं पाय गेलेली पोरं तेव्हा घरोघर होती. आज जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग असतो, काही उपजिल्हा रुग्णालयांतही असतो. कोणत्या वारी चालू असतो ते आशाताईंना विचारून मगच निघा, म्हणजे हेलपाटा वाचेल.

आता आत गेल्यावर काय होतं ते बघू.

खरं तर तपासणी तुम्ही दारातून आत येता तेव्हाच सुरू होते. चप्पल वाकून काढली की पायानंच ढकलली, खुर्चीवर बसताना हात टेकला का, चालताना एका पायावर भार कमी टाकता का, हे ती समोरची व्यक्ती बघत असते. तिथं लाजून "मी बरी आहे" असं दाखवायला ताठ चालू नका. घरी चालता तशाच चाला.

मग प्रश्न. कुठं दुखतं? बहुतेक बाया हात फिरवून म्हणतात, "हे सगळंच." तसं नको. एका बोटानं दाखवा. सुरुवात कुठून होते आणि कळ कुठपर्यंत जाते ते दाखवा. काही ठिकाणी कागदावर माणसाचं पुढून आणि मागून चित्र असतं, त्यावर खुणा करतात. कंबरेपासून निघालेली कळ कुल्ल्यापर्यंत थांबते की पोटरीतून पावलापर्यंत उतरते, यानं पुढची सगळी वाट बदलते.

कसं दुखतं, हेही विचारतात. इथं आपली भाषा फार कामाची आहे, ती वापरा. ठणकतं, चमक मारते, रग लागते, आग होते, मुंग्या येतात, बधिर वाटतं, वीज गेल्यासारखं होतं. प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांच्यासाठी वेगळा असतो. मुंग्या, बधिरपणा, वीज हे ऐकलं की त्यांचं लक्ष शिरेकडे जातं. रग, आखडणं, अवघडणं ऐकलं की स्नायूकडे. "लई दुखतंय" या दोन शब्दांतून मात्र काहीच कळत नाही.

शून्य ते दहामध्ये किती, असं विचारतात तेव्हा आपल्या बाया हसतात. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याच्यापुढं सहनच होणार नाही. एक मावशी म्हणाली होती, "बाळंतपणाच्या कळा दहा, तर हे सहा." उत्तम उत्तर. हा आकडा शेजारणीच्या आकड्याशी ताडून बघायचा नसतो. पंधरा दिवसांनी तुमचाच आकडा सहावरून चारवर आला का, यासाठी तो लिहून ठेवतात.

कधी जास्त दुखतं, हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यात बरंच दडलेलं असतं. दिवसभर राबल्यावर संध्याकाळी गुडघा दुखतो आणि बसलं की बरं वाटतं, ते एक. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत, सांधे लाकडासारखे होतात आणि मोकळे व्हायला अर्ध्या तासाच्या वर लागतो, ते दुसरं. हे दुसरं असेल तर सांध्यांना सूज आणणारा वात असू शकतो, आणि त्यासाठी आधी डॉक्टरांचं औषध लागतं. नुसत्या व्यायामानं ते भागत नाही. म्हणून वेळ सांगताना अंदाजे सांगू नका. उठल्यापासून चहा होईपर्यंत आखडलेलं असतं की भाकरी थापून झाल्या तरी आखडलेलंच असतं, असं सांगितलं तरी चालेल. त्यांना कळतं.

आता ज्या प्रश्नावर मला खरं बोलायचंय तो. "काय काम करता?"

मी बायांसोबत दवाखान्यात गेलेय, आणि उत्तर जवळजवळ दर वेळी तेच ऐकलंय. "काही नाही, घरीच असते." सोबत आलेला मुलगा किंवा नवराही म्हणतो, "घरीच असतात त्या." पहाटे उठून म्हशीची धार काढणारी, दोन हंडे डोक्यावर आणि कळशी कमरेवर घेऊन चढ चढणारी, उकिडवं बसून भांडी घासणारी, दुपारी दुसऱ्याच्या रानात कांदे काढायला जाणारी बाई "काही नाही" म्हणते. समोरची व्यक्ती कागदावर 'गृहिणी' लिहिते आणि घरबशा बाईला द्यायचा सल्ला देते: थोडं चालत जा, वजन उचलू नका. वजन उचलू नका! घरात पाणी कोण आणणार, हे मग कुणी विचारत नाही.

म्हणून दिवस सांगा. सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करता ते. हंडा कोणत्या कमरेवर घेता, वाकून खुरपता की बसून, सलग किती वेळ, मोळी किंवा वैरणीचा भारा कोण उचलून देतं, शिलाई मशीनवर किती वेळ बसता, संडास कमोडचा आहे की उकिडवं बसायचा. हे कळलं तर सल्लाही कामाचा मिळतो: एका मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान खेपा, कमर बदलत राहणं, खुरपताना अर्ध्या-पाऊण तासानं उभं राहून पाठ मागं वाकवणं, चुलीला ओटा करून घेणं. तुम्हाला काय करता आलं पाहिजे तेही सांगा. "मला पुढच्या महिन्यात कापणीला जायचंय" किंवा "मला नातू उचलून घेता आला पाहिजे." चांगला फिजिओथेरपिस्ट हे मुद्दाम विचारतो आणि व्यायाम त्या दिशेनं ठरवतो.

उत्तर तुम्ही द्या, हेही महत्त्वाचं. नवरा, सासू, मुलगा सोबत असतील आणि तेच बोलायला लागले तर सरळ म्हणा, "मी सांगते." दुखतंय तुम्हाला.

काही गोष्टी मात्र त्यांच्यादेखत सांगता येत नाहीत. शिंकलं, खोकलं, हंडा उचलला की लघवी निसटते. अंग खाली आल्यासारखं वाटतं. अंगावरून पांढरं जातं आणि कंबर दुखते. पिशवी काढलेली आहे. आपल्याकडे किती बाया हे वर्षानुवर्षं मनात ठेवून असतात, ते बैठक संपल्यावर मागं थांबून कानात सांगणाऱ्यांमुळे मला माहीत आहे. अशा वेळी "मला एकटीशी बोलायचंय" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. लघवी निसटते त्यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, ते शिकवणं हे फिजिओथेरपिस्टचंच काम आहे, आणि पुष्कळ जणींना त्याचा फायदा होतो. पिशवी काढल्याचं सांगणंही गरजेचं, कारण तिच्यासोबत अंडाशयही काढलेलं असेल तर हाडं लवकर ठिसूळ होतात. तशा बाईला मालिश, दाब, व्यायाम सगळं जपून द्यावं लागतं.

याच कारणासाठी चमक भरली म्हणून पायाळू माणसाची लाथ घ्यायला जाऊ नका, असं मी हात जोडून सांगते. आपल्या आज्यांनी ते केलं, काहींना बरंही वाटलं असेल. पण ठिसूळ हाडाच्या मणक्यावर लाथ म्हणजे मोड ठरलेला.

काही प्रश्न ऐकताना वाटतं, याचा कंबरेशी काय संबंध? ताप येतो का, वजन उतरलं का, रात्री झोपेतून उठवतं का, घरात कुणाला टीबी झाला होता का. संबंध आहे. टीबी फुफ्फुसाला होतो तसा मणक्यालाही होतो. कॅन्सरही हाडात उतरतो. साखर, बीपी, दमा, पूर्वीची ऑपरेशनं, चालू गोळ्या हे सगळं सांगा. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर पाकिटंच पिशवीत टाकून न्या, आयुर्वेदिक पुड्यासुद्धा. सकाळी दुखण्याची गोळी खाऊन आला असाल तर तेही सांगा, नाहीतर तपासताना दुखतं तेवढं कळणार नाही.

इथं थांबून एक गोष्ट दोनदा ऐका. कंबर दुखत असताना लघवी-संडासवरचा ताबा गेला, लघवी अडली, मांड्यांच्या आतली किंवा बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतला जोर गेला, तर फिजिओथेरपीची वेळ घेत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. शिरांचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो, आणि उशीर झाला तर ताबा कायमचा जाऊ शकतो. तसंच छातीत दडपण, घाम आणि डावा हात किंवा जबडा दुखणं हे खांद्याचं दुखणं समजू नका, लगेच १०८ ला फोन करा. एकाच पायाची पोटरी सुजून गरम आणि टणक झाली असेल तर ती चोळू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. हे सगळं विचारून घेणं हे फिजिओथेरपिस्टच्या तपासणीत येतंच, आणि असं काही आढळलं तर ते व्यायाम न देता पुढं पाठवतात. तेव्हा "हाकलून दिलं" असं समजू नका.

प्रश्न संपले की हातानं तपासणी. गुडघा बघायचा तर गुडघा उघडा करावा लागतो, खांदा बघायचा तर खांदा. साडीवरून काही कळत नाही. सैल सलवार किंवा गाऊन सोबत न्या, सोपं पडतं. पडदा मागा. तपासणारा पुरुष असेल तर सोबतची बाई आत थांबू शकते. हात लावण्याआधी त्यांनी सांगायला हवं, आणि "थांबा" म्हटलं की थांबायला हवं.

आधी उलट्या हातानं स्पर्श करून सांधा गरम आहे का, सूज आहे का बघतात. दाबून नेमकी दुखरी जागा शोधतात. मग हालचाल, आणि ती दोन वेळा का करायला लावतात हे आमच्या एका गटाच्या सचिवताईंच्या खांद्यावरून सांगते.

पाच महिने उजवा खांदा दुखत होता. वेणी घालता येईना, फळीवरचा डबा काढता येईना, साडी नेसताना मागून पदर ओढता येईना. मॅडम म्हणाल्या, "तुमचा तुम्ही हात वर करा." हात खांद्याच्या थोडा वर जाऊन थांबला. मग म्हणाल्या, "आता ढिला सोडा, मी उचलते." तरी तो तिथंच अडला. इथं गाठ सापडली. बाईला स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्यानं उचलला तर सहज वर जातो, तेव्हा दोष स्नायूत किंवा त्याच्या दोरीत असण्याची शक्यता. दुसऱ्यानं उचलूनही अडतो, तेव्हा सांधाच धरलाय. मग कोपर कमरेला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला वळवायला लावला, तो जवळपास वळलाच नाही. सांधा धरल्याची ती मोठी खूण. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडल्यासारखं एक साधन असतं, त्यानं मोजलं: ९५ अंश. निरोगी हात १८०च्या आसपास जातो.

आणि मग मॅडमनी विचारलं, "साखर कधी तपासलीय?" कधीच नाही. साखर असणाऱ्यांत खांदा असा धरण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. साखर चांगलीच वाढलेली निघाली. खांद्यासाठी गेलेल्या बाईची साखर सापडली, ती या प्रश्नामुळे. शेक देऊन घरी पाठवलं असतं तर आणखी किती वर्षं कळलं नसतं, कोण जाणे. दीड महिन्यानं पुन्हा मोजलं तेव्हा हात १३० अंशांवर होता. असा खांदा मोकळा व्हायला वर्ष किंवा त्याहूनही जास्त लागू शकतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे ताईंनी धीर सोडला नाही.

ताकद मोजायचीही रीत असते, शून्य ते पाच. स्नायू हललाच नाही तर शून्य. हात किंवा पाय नुसता वर उचलता आला तर तीन. त्यांनी वरून दाबलं तरी टिकवून धरला तर पाच. त्यामुळे ते दाबतात तेव्हा खरा जोर लावा, लाजू नका. दुखून सोडावा लागला तर "दुखलं म्हणून सोडला" असं सांगा. जोर नसणं वेगळं आणि दुखण्यानं सुटणं वेगळं.

कंबरेच्या बाईला उताणं झोपवून सरळ पाय हळूहळू वर उचलतात. मांडीच्या मागं ताण बसणं तुमच्या-माझ्या सगळ्यांनाच होतं, त्याला घाबरायचं नाही. पण पाय साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये असताना तीच ओळखीची कळ गुडघ्याखाली सर्रकन गेली तर शीर दाबली जात असल्याची शंका येते. मग टाचांवर चालायला लावतात, चवड्यांवर चालायला लावतात, कापूस फिरवून दोन्ही पायांना सारखं कळतं का विचारतात, गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात. हा पोरखेळ वाटतो खरा. पण कोणती शीर आणि किती दुखावली, हे त्यातूनच कळतं.

दुखतो गुडघा आणि तपासतात खुबा, असं झालं तर बुचकळ्यात पडू नका. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, मानेचं हातात. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला लावतात आणि घड्याळ लावतात. एका पायावर उभं करतात. मांडीचा घेर टेपनं मोजतात, कारण दुखरा पाय आपण वाचवत राहतो आणि त्याची मांडी वाळते.

एक्स-रे सोबत न्या, पण त्यालाच धरून बसू नका. "गॅप कमी झाला", "झीज झाली" हे शब्द ऐकून कितीतरी बाया आता आपलं संपलंच म्हणून खाटेवर बसतात. ज्यांना काहीच दुखत नाही अशा पुष्कळ जणांच्या एक्स-रेमध्येही झीज दिसते. फोटोत काय दिसतं आणि पाय काय करू शकतो, हे जुळवून बघावं लागतं, आणि पाय काय करू शकतो ते हातानं तपासल्याशिवाय कळत नाही.

निघण्याआधी इतकं विचारून घ्या. मला काय झालंय ते साध्या मराठीत सांगा. व्यायाम कोणते, दिवसातून किती वेळा, करताना दुखलं तर किती दुखणं चालेल, कोणतं काम काही दिवस बंद. दिलेला प्रत्येक व्यायाम त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा, घरी आल्यावर निम्मे विसरतात. पाच-सहा व्यायाम दिले आणि तुम्हाला वेळ नसेल तर तिथंच सांगा, दोनवर आणून देतील. न करता पुढच्या वेळी "केले" म्हणण्यापेक्षा ते बरं. आणि आजची मापं, म्हणजे आकडा किती, अंश किती, किती वेळात पाच वेळा उठलात, हे आपल्या केसपेपरच्या मागं लिहून मागा. पुढच्या भेटीत पुन्हा तेच मोजायला सांगा. तीन-चार भेटींत मापात काहीच फरक नाही आणि मशीनचे पैसे मात्र चालू आहेत, तर कारण विचारा.

ज्या गटांत कुणाला जायचंय त्यांनी या महिन्याच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. लिहिता येणाऱ्या बाईनं तिच्यासाठी अर्धं पान लिहून द्यावं: कधीपासून, कुठून कुठपर्यंत, कशानं वाढतं, कशानं थांबतं, दिवसभराची कामं, आजार, ऑपरेशनं, गोळ्या. ज्या गोष्टी सगळ्यांपुढं नको वाटतात त्या कागदावर नकोत, तोंडी सांगा. काही अडलं तर रेडिओच्या नंबरवर मिसकॉल द्या. पुढच्या मंगळवारी याच वेळी ओटीपोटाच्या तळाच्या व्यायामांबद्दल बोलू, तेव्हा लेकी-सुनांनाही जवळ बसवा. नमस्कार.